वीत आणि पट्टी

गोट्या खेळताना वितीवरून भांडण झाले नाही असे गाव सापडणे कठीण. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणलेला पंजा म्हणजे एक वीत. बारा अंगुळे म्हणजे एक वीत आणि दोन विती म्हणजे एक हात, असे आपले जुने कोष्टक होते. पण वीत कोणाची? सातवीतल्या मुलाने मोजले तर गोटी दोन विती, तिसरीतल्याने मोजले तर तीन! कोष्टकात नसलेली गोष्ट मुलांना खेळातच कळते : हे माप माणसागणिक बदलते. म्हणूनच तर व्यवहारातून वीत आणि हात मागे पडले आणि आपल्या देशात १९५६ च्या कायद्यानंतर मीटर-सेंटिमीटर आले.

मात्र एक जागा अशी आहे, की तेथे वितीला आजही रोज मीटरशी झगडावे लागते. ती जागा म्हणजे वाद्याची पट्टी. तेथे पट्टीचे माप ठरलेले असते, आणि वीत मात्र ज्याची त्याची असते. हात पुरला नाही तर काय करायचे? या साध्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो आपण या लेखात पाहू.

मंडईतील पेटी

दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडया भरतात. पुढे शंकरपटांचे दिवस येतात. रात्री झाडीपट्टीची नाटके होतात, आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीप्रमाणेच येथेही माणसे थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत ती पाहतात. या नाटकांत गाणी हवीतच. त्यामुळे रंगमंचाजवळ तबल्याच्या जोडीला कधी पेटी, कधी ऑर्गन, तर अलीकडे विजेवर चालणारा कीबोर्ड दिसतो.

नाटक सुरू होण्याआधी वादकाची परवानगी काढून त्याच्या पट्ट्यांवर मोजपट्टी ठेवून पाहा. एका 'सा'च्या मध्यापासून वरच्या 'सा'च्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. मधे सात पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी येते. पेट्यांमध्ये कारागिराप्रमाणे थोडाफार फरक आढळेल. पियानोवर मात्र हे अंतर जगभर जवळजवळ एकच, म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असते. म्हणजेच एक पांढरी पट्टी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद झाली. पूर्ण आकाराच्या बहुतेक विद्युत कीबोर्डांनीही हेच माप उचलले आहे.

आता थोडे गणित करू. 'सा' हा पहिला स्वर धरून मोजत गेलो तर तार 'सा' आठवा, तार 'रे' नववा, तार 'ग' दहावा आणि तार 'प' बारावा येतो. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत नऊ पट्ट्यांचे अंतर, म्हणजे ९ × २३.५ = २११.५ मिलिमीटर. सुमारे एकवीस सेंटिमीटर झाले. बाराव्यापर्यंत ११ × २३.५ = २५८.५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सव्वीस सेंटिमीटर.

आणि आपली वीत किती? ऑस्ट्रेलियातील रोंडा बॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पियानोवादकांच्या पंजांची मापे आहेत. पुरुषांची वीत सरासरीने साडेबावीस सेंटिमीटरच्या आसपास, तर स्त्रियांची वीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. शिवाय ही पूर्ण ताणलेल्या पंजाची मापे आहेत. पट्टी नुसती गाठून भागत नाही, ती दाबावी लागते, आणि त्यासाठी बोट थोडे वाकवावे लागते. म्हणजे वादनाला उपयोगी पडणारी वीत याहूनही कमी! सरासरी पुरुषाला दहावा स्वर जेमतेम साधेल, सरासरी स्त्रीला तो साधणारच नाही. बारावा स्वर तर दोघांनाही अशक्य.

इतके दूरचे स्वर हवेत कशाला?

आपल्या गायकाला साथ करताना पेटीवाला सहसा एका वेळी एकच स्वर वाजवतो. स्वर एकामागून एक येतात, त्यामुळे हात सरकवायला सवड असते. पाश्चात्त्य संगीतात मात्र तीन, चार किंवा अधिक स्वर एकाच वेळी वाजवतात. या स्वरसमूहाला कॉर्ड म्हणतात. सा-ग-प एकदम दाबले की झाली एक साधी कॉर्ड. ती एका पंजात सहज मावते. मग रचनाकार 'ग' उचलून वरच्या सप्तकात का नेऊन ठेवतात? याचे उत्तर आपल्या कानात आहे.

समजा, खर्जातील 'सा'ची कंपनसंख्या सेकंदाला ६६ आहे. त्याला लागून असलेल्या शुद्ध 'ग'ची साडेब्याऐंशी येईल. दोहोंतील फरक साडेसोळा. दोन स्वरांच्या कंपनसंख्यांत इतका थोडा फरक असला की कानाला धड दोन स्वच्छ स्वर ऐकू येत नाहीत, आणि धड एकही ऐकू येत नाही. गढूळ, खरखरीत आवाज येतो. आता तोच 'ग' एक सप्तक वर न्या. त्याची कंपनसंख्या १६५ होईल आणि फरक ९९ होईल. खरखर जवळपास नाहीशी होते आणि भरदार, मोकळा नाद येतो. आपल्या आंतरकर्णात कमी कंपनसंख्येच्या भागात साधारण शंभर कंपनांइतके अंतर असेल तरच दोन स्वर एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, असे श्रवणविज्ञान सांगते.

पेटीवर हे स्वतः करून पाहा. सर्वांत डावीकडचे सा आणि ग एकत्र दाबून ऐका. मग तोच 'सा' ठेवून 'ग' वरच्या सप्तकातला घ्या. पेटीला खर्जाचे सूर असतील तर फरक अधिक स्पष्ट कळेल. म्हणजे दूरचे स्वर लिहिणे ही रचनाकाराची हौस नव्हे. डाव्या हाताच्या खालच्या स्वरांत नाद स्वच्छ ठेवायचा तर स्वर पसरावेच लागतात.

वादकांनी काढलेल्या वाटा

इटलीत फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने इ. स. १७०० च्या सुमारास पियानो बनवला. त्याने १७२० मध्ये बनवलेला एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या शतकातील अनेक वाद्यांच्या पट्ट्या आजच्यापेक्षा किंचित अरुंद होत्या. एकोणिसाव्या शतकात लोखंडी चौकट आली, तारा जाड आणि अधिक ताणाच्या झाल्या, मोठ्या सभागृहांत वादन होऊ लागले आणि कारखाने उभे राहिले. त्या शतकाच्या उत्तरार्धात पट्टीचे आजचे माप स्थिरावले. त्याच काळात रचनांतील कॉर्डही पसरत गेल्या.

रशियन पियानोवादक आणि रचनाकार सर्गेई रखमानिनोव्ह (१८७३–१९४३) यांच्या डाव्या पंजात बारावा स्वर मावत असे, असे सांगतात. स्वतःच्या हाताला जे सोपे ते त्यांनी लिहिले. त्यांचा दुसरा कन्चेर्तो १९०१ साली पुरा झाला. त्याच्या सुरुवातीच्या कॉर्डमध्येच डाव्या हाताला दहाव्या स्वरापर्यंत जावे लागते. बाकीच्या वादकांनी काय करायचे?

पहिली वाट स्वर मोडून वाजवण्याची. खालचा स्वर आधी, मग मधला, मग वरचा, असे झरकन एकामागून एक. इटालियन भाषेत याला आर्पेज्जो म्हणतात. 'आर्पा' म्हणजे हार्प हे तंतुवाद्य, त्यावरून हा शब्द आला. आपल्याला यात नवे काही नाही. तंबोऱ्याच्या चार तारा आपण एकदम छेडत नाही, एकेक करून छेडतो. पण पहिल्या तारेचा नाद विरण्याआधीच चौथी वाजते आणि कानाला सगळ्यांचा मिळून एकच नाद ऐकू येतो. शोपँ या पोलिश रचनाकाराने १८३३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासरचनांपैकी अकरावी तर अथपासून इतिपर्यंत अशाच मोडलेल्या, पसरट कॉर्डची आहे. हात पुरत नाही म्हणून काढलेल्या युक्तीचा तेथे अलंकार झाला.

दुसरी वाट पायाची. पियानोत बहुतेक तारांवर नमद्याची एकेक गादी असते. पट्टी सोडली की ही गादी तारेवर टेकते आणि आवाज थांबवते. उजवे पेडल दाबले की साऱ्या गाद्या वर उचलल्या जातात आणि तारा वाजत राहतात. म्हणून वादक खालचा स्वर वाजवतो, पेडलने धरून ठेवतो, आणि मोकळा झालेला हात वर नेतो. पेटीवर ही युक्ती चालत नाही. पेटीचा सूर म्हणजे हवेच्या झोताने थरथरणारी पितळेची जीभ. पट्टी सोडताच हवेची वाट बंद होते आणि सूर तिथेच थांबतो.

तिसरी वाट दोन हातांत कामाची फेरवाटणी करण्याची. डाव्या हाताचा सर्वांत वरचा स्वर उजव्या हाताच्या अंगठ्याने घ्यायचा. कधी एकाच अंगठ्याच्या कडेने शेजारच्या दोन पट्ट्या दाबायच्या. ऐकणाऱ्याला कोणता स्वर कोणत्या हाताने वाजला हे कळत नाही, आणि कळण्याचे कारणही नाही. चौथी वाट एखादा स्वर चक्क गाळण्याची. तोच स्वर दुसऱ्या सप्तकात वाजत असेल तर त्याची उणीव फारशी जाणवत नाही. मात्र सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर सहसा गाळत नाहीत, कारण कान तेच आधी पकडतो.

स्पेनच्या आलिशिया दे लारोचा (१९२३–२००९) यांची उंची पाच फुटांहून कमी होती. तरीही रखमानिनोव्ह यांच्या रचना त्यांनी मोठ्या मैफलींत वाजवल्या. अशी उदाहरणे पाहिली की वाटते, जिद्द असली म्हणजे झाले, प्रश्न मिटला. पण तसे नाही.

हाताला वळण लावण्याचे वेड

१८१४ मध्ये डब्लिनच्या योहान बर्नहार्ड लोजिए याने 'कायरोप्लास्ट' नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. शिकणाऱ्याचा हात आणि बोटे त्यात अडकवून 'योग्य' स्थितीत ठेवायची, अशी कल्पना होती. ते यंत्र खूप खपले आणि पुढे तशी आणखी यंत्रे निघाली. जर्मन रचनाकार रॉबर्ट शूमान (१८१०–१८५६) यांनीही तरुणपणी बोटांसाठी असे एक साधन वापरले होते. विशीच्या सुरुवातीलाच त्यांच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले आणि वादक होण्याचा विचार त्यांना सोडावा लागला. दुखापत त्या साधनानेच झाली की अन्य आजाराने, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. पण त्या काळची समजूत यातून दिसते : हात आणि वाद्य जुळत नसतील तर दोष हाताचा, आणि दुरुस्ती हाताचीच करायची.

वास्तविक हाडांची लांबी सरावाने वाढत नाही. सरावाने बोटांमधील कोन थोडा मोकळा होतो, हालचाल सैल आणि जलद होते. पण त्याला मर्यादा आहे. ती ओलांडून पंजा ताणत राहिले तर स्नायू आणि स्नायूंचे दोर दुखावतात.

वाद्यच बदलले तर?

हा विचार करणारेही होते. हंगेरीतील पाउल फोन यान्को याने १८८२ मध्ये नव्या रचनेचा पट्टीफलक तयार केला. त्यात पट्ट्यांच्या एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या रांगा होत्या, आणि एका सप्तकाची रुंदी नेहमीच्या पियानोपेक्षा बरीच कमी होती. साध्या हाताला दहावा आणि बारावा स्वर त्यावर सहज साधत असे. तरीही तो मागे पडला. कारण स्पष्ट आहे. ज्यांनी आयुष्यभर जुन्या पट्टीवर मेहनत केली ते नव्याने का शिकतील? शिक्षक नाहीत म्हणून विद्यार्थी नाहीत, विद्यार्थी नाहीत म्हणून वाद्ये नाहीत.

पोलंडमध्ये जन्मलेले विख्यात वादक योझेफ हॉफमान (१८७६–१९५७) यांचे हात लहान होते. त्यांच्यासाठी स्टाइनवे कंपनीने थोड्या अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. म्हणजे ही गोष्ट अशक्य नव्हती, पण ती फक्त थोरामोठ्यांना मिळत होती. कॅनडातील वादक ख्रिस्तोफर डॉनिसन यांनाही हाच त्रास होता. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी अमेरिकेतील डेव्हिड स्टाइनबूलर या कारखानदाराच्या साहाय्याने पट्ट्यांची दोन नवी मापे पुढे आणली : एक सप्तक सुमारे १५.२ सेंटिमीटरचे आणि दुसरे सुमारे १४ सेंटिमीटरचे. पियानो तोच, तारा त्याच. फक्त पट्ट्यांचा संच बदलायचा. या पट्ट्या वादकाच्या बाजूला अरुंद असतात आणि आत जाताना पंख्यासारख्या पसरत आपापल्या हातोडीपर्यंत पोचतात.

आता आपले गणित पुन्हा करू. १४ सेंटिमीटरच्या सप्तकात एक पट्टी २० मिलिमीटरची. दहाव्या स्वराचे अंतर ९ × २० = १८० मिलिमीटर, म्हणजे १८ सेंटिमीटर. वीस सेंटिमीटर वीत असलेल्या बाईंना जे अशक्य होते ते शक्य झाले! हात तोच, सरावही तोच. बदलले ते प्रत्येक पट्टीमागे फक्त साडेतीन मिलिमीटर.

आपल्या कारागिरांनी काय केले?

आता पुन्हा मंडईतल्या पेटीकडे येऊ. हार्मोनिअमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दब्याँ याने १८४२ मध्ये मिळवले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून, दोन्ही हातांनी वाजवायचे. आपला वादक बैठकीवर मांडी घालून बसणारा. 'तुम्ही खुर्चीवर बसायला शिका' असे त्याला कोणी सांगितले नाही. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये वाद्यांची पेढी काढली आणि पुढे हाताने भाता हलवायची सुटसुटीत पेटी तयार केली. भाता मागे गेला, पाय निघाले, वाद्य जमिनीवर आले. यात एक हात भात्यात अडकला आणि दोन हातांच्या कॉर्ड गेल्या. पण आपल्या गाण्याला त्यांची गरजच नव्हती. काय सोडायचे आणि काय राखायचे याचा तो नेमका हिशेब होता.

मराठी रंगभूमीने मात्र दुसरी वाटही चोखाळली. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आदींनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या मंडळीच्या नाटकांत पायाने भाता चालवायचा ऑर्गन साथीला आला. त्यावर दोन्ही हात मोकळे राहतात, त्यामुळे एका हाताने गाण्याची साथ आणि दुसऱ्याने खालच्या स्वरांचा भरणा करता येतो. झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गनला जो मान आहे, त्याचे नाते या संगीत नाटकांच्या परंपरेशी आहे.

आणखी एक गंमत पाहा. काही पेट्यांना 'कपलर' असतो. त्याची खुंटी ओढली की एक पट्टी दाबताच आतल्या तारेच्या दांड्यांनी दुसऱ्या सप्तकातील तीच पट्टी आपोआप दबते. एका बोटात सप्तकाचे अंतर! वीत लहान असो की मोठी, प्रश्नच उरत नाही. पेटी उघडून हे पाहण्याची संधी मिळाली तर विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. तरफेचा याहून चांगला धडा मिळणार नाही.

मग पियानोची पट्टी का बदलली नाही? पेटीवाला आपली पेटी बरोबर घेऊन फिरतो. पियानोवादकाला मात्र ज्या गावी जो पियानो असेल तोच वाजवावा लागतो. घरचा, शिक्षकाचा, सभागृहाचा, परीक्षेचा असे सगळे पियानो सारखे असले तरच त्याचे चालते. एकसारख्या मापाचा हा मोठा फायदा आहे, तो नाकारता येणार नाही. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नावे इतिहासात आली नाहीत. 'तुझा हात लहान आहे, तुला जमणार नाही' असे ऐकून किती जणांनी, आणि विशेषतः किती मुलींनी पियानो सोडला असेल, हे कोण सांगणार?

वर्गात करण्यासारखे

वर्गातील प्रत्येकाला मोजपट्टीवर पंजा ताणून आपली वीत मोजायला सांगा. आकडे फळ्यावर लिहा, त्यांचा स्तंभालेख काढा. सरासरी काढा, आणि किती जणांची वीत सरासरीइतकी नेमकी आहे तेही मोजा. फार थोडी मुले निघतील. मग विचारा : एकाच मापाची पट्टी करायची तर ती कोणत्या मापाची करावी? साडेसोळा सेंटिमीटरच्या सप्तकात दहावा स्वर किती जणांना साधेल? चौदाच्या सप्तकात किती जणांना?

त्यानंतर वर्गाभोवती नजर टाका. पहिलीतल्या आणि आठवीतल्या मुलांचे बाक एकाच उंचीचे आहेत का? डावखुऱ्या मुलाला कात्री नीट धरता येते का? मागल्या बाकावरून फळा दिसतो का? व्हायोलिन अर्ध्या आणि पाऊण मापाचे मिळते, सायकलही लहान मिळते; कारण मूल लहान असणे हा त्याचा दोष नाही, हे तेथे आपण मान्य केले आहे.

गोंदियाची एखादी मुलगी पेटीवर बसली आणि तिची करंगळी तार 'सा'पर्यंत पोचली नाही, तर तिला हात ताणायला सांगण्यापूर्वी पट्टीवर मोजपट्टी ठेवून पाहावी. ते माप निसर्गाने ठरवलेले नाही. ते माणसांनी, कारखान्यांच्या सोयीने, केव्हातरी ठरवले आहे.